लाल झाकणाची नळी

सासूबाईंच्या रक्ताच्या दोन नळ्या सुनेसमोरच्या स्टँडमध्ये उभ्या होत्या, एक जांभळ्या झाकणाची आणि एक लाल. जांभळीतलं रक्त मशीनमधून जाऊन त्याचा कागदही बाहेर आला होता. हिमोग्लोबिन साडेआठ, पांढऱ्या पेशी कमी. लाल झाकणाच्या नळीतलं रक्त यंत्रात फिरवून झालं होतं आणि वर पिवळसर पाणी, म्हणजे सीरम, सुटलं होतं. साखर, यकृत, मूत्रपिंड, एवढ्या तपासण्यांना त्यातलं थेंबभरच लागलं. बाकीचं तसंच शिल्लक होतं.

सुनेच्या उजव्या हाताला कपाट होतं, आणि त्या कपाटात वरून दुसऱ्या फळीवर एचआयव्हीच्या तपासणीच्या पट्ट्यांचा डबा.

नऊ वर्षं ती या लॅबमध्ये टेक्निशियन होती. ती तपासणी तिने हजारदा तरी केली असेल. एक पट्टी, एक थेंब सीरम, वर दोन थेंब औषध, की वीस मिनिटांत उत्तर. एक रेघ उमटली तर सुटलो, दोन उमटल्या तर पुढच्या तपासण्या. जेवणाची सुट्टी चालू होती. लॅबच्या डॉक्टर मॅडम वर त्यांच्या खोलीत होत्या, बाहेरच्या काउंटरवरची मुलगी फोनवर हसत होती. कोणाला पत्ता लागला नसता.

सात महिने सासूबाई वाळत चालल्या होत्या. त्या घरीच शिवणकाम करायच्या, शाळेचे गणवेश आणि दवाखान्यांतले पांढरे कोट. दुसऱ्यांच्या मापांत आयुष्य गेलेल्या त्या बाईने तीनदा स्वतःचे कपडे बाजूने आत घेतले. "हल्ली कापडच सैल पडायला लागलंय, मी आहे तशीच आहे," म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या. मग एका वर्षात दोनदा नागीण उठली, एकदा पाठीवर, एकदा कपाळाला. मग तोंड आलं ते जाईचना, जिभेवर दह्यासारखे पांढरे चट्टे. एका डॉक्टरने वय झालं म्हटलं. दुसऱ्याने पित्तावर गोळ्या दिल्या. तिसऱ्याने, नवरा गेल्यावर बायका मनाने खचतात, असं सांगून झोपेचं औषध लिहून दिलं. साठीची बाई, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, बोटात अंगुस्तान, नातीची आजी. तिच्याबाबतीत तसली शंका कोणाच्या डोक्यातही येणं शक्य नव्हतं.

सुनेच्या डोक्यात मात्र आली होती आणि आठवडाभर जाता जात नव्हती. सोमवारी लॅबमध्ये एक माणूस आला होता. त्याच्याही जिभेवर तसेच चट्टे होते, आणि त्याच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या होत्या. त्या रात्री तिला सासरे आठवले. पूल बांधणाऱ्या कंपनीत क्रेन चालवायचे, सहा-सहा महिने घराबाहेर. सहा वर्षांपूर्वी छातीच्या आजाराने गेले. हॉस्पिटलात अकरा दिवस होते. त्यांची फाइल घरी कधी आलीच नाही. 'हरवली,' असं सासूबाईंनी सांगितलं, आणि मग कोणी विचारलं नाही.

सुनेने कपाट उघडलं. डब्यातून एक पाकीट काढलं. चंदेरी कागदाच्या कोपऱ्याला फाडायची खूण होती, तिथे तिने नख लावलं.

तेवढ्यात तिला स्वतःचाच आवाज ऐकू आल्यासारखं झालं. 'हा कागद वाचा. नको असेल तर नाही म्हणा. तुमच्या सहीशिवाय मी सुई लावणार नाही.' रोज सकाळी समोर बसणाऱ्या अनोळखी माणसांना ती हे सांगायची. अनोळखी माणसांना विचारायचं आणि घरच्या बाईला विचारायचं नाही? समजा दोन रेघा आल्या, तर घरी जाऊन काय सांगणार होती ती? की तुमच्या पाठीमागे तुमचं रक्त चोरून पाहिलं?

पाकीट तिने परत डब्यात टाकलं. लाल झाकणाची नळी फ्रिजमध्ये ठेवली आणि हात धुतले. डबा उघडलाच नाही तिने जेवणाचा.

*

संध्याकाळी स्वयंपाकघरात तिने आधी नवऱ्याला सांगितलं. तिथेच चुकलं.

नवरा लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. नुकताच आला होता, नखांत ग्रीस तसंच होतं. शेजारच्या खोलीत आईंचं शिवणाचं मशीन चालू होतं, त्या आवाजाच्या आडोशाने ती हळू बोलली. त्याने ऐकून घेतलं आणि हातातला पेला ओट्यावर आपटला.

"माझ्या आईची? ती तपासणी? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"हळू बोल."

"का हळू बोलू? तू बाबांबद्दल काय बोलतेयस, कळतंय तुला? दिवसभर तिथे बसून बसून तुला प्रत्येक माणसात रोगच दिसतो."

"मी कोणाबद्दल काही बोलत नाहीये. त्यांचं वजन नऊ किलो उतरलंय. त्या दिवसाआड जुलाब थांबवायच्या गोळ्या घेतात, तुला माहीत आहे? मला कचऱ्याच्या डब्यात रिकामी पाकिटं दिसतात."

"मग पोटाच्या डॉक्टरकडे ने! हे खूळ डोक्यातून काढ. आईच्या कानावर गेलं ना, तर ती या घरात राहायची नाही."

मशीन थांबलं होतं. केव्हा थांबलं, दोघांनाही कळलं नव्हतं.

सासूबाई दारात उभ्या होत्या. एक हात चौकटीवर होता, आणि तो हात किती बारीक झालाय हे मागून येणाऱ्या उजेडात स्पष्ट दिसत होतं.

"तिच्यावर कशाला ओरडतोस?" त्या म्हणाल्या. "तिने बरोबर ओळखलंय."

"आई, तू आत जा. हिला काही—"

"तुझ्या बाबांना तेच होतं."

नवऱ्याचं तोंड उघडं राहिलं. सुनेने गॅस बंद केला. का केला, तिलाच सांगता आलं नसतं.

सासूबाई खुर्ची ओढून बसल्या. त्यांचा आवाज अजिबात हलला नाही. इतक्या वेळा मनात म्हटलेलं होतं बहुतेक, की आता नुसतं वाचून दाखवल्यासारखं येत होतं.

"हॉस्पिटलात चौथ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, उशीर झालाय, फार उशीर झालाय. आणि म्हणाले, बाई, तुम्हीही तपासून घ्या, आजच घ्या. मी म्हटलं, हो घेते. फाइल जिन्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. आणि घरी आले."

"सहा वर्षं?" नवरा म्हणाला. "आई, सहा वर्षं तू..."

"नसेल तर उगाच तिथे तपासणीला जाऊन कशाला तोंड दाखवायचं, असं वाटायचं. आणि असेल तर करायचं काय? त्यांना बघितलं होतं ना मी. शेवटी मला ओळखत नव्हते. म्हटलं, कळून तसंच मरायचं, तर न कळता मरूया. थोडे दिवस तरी बरे जातील." त्या सुनेकडे वळल्या. "बरे काही गेले नाहीत, पोरी. रोज सकाळी उठलं की आधी जीभ बघायची आरशात."

सून त्यांच्या समोर खाली बसली. बोलताना आपण लॅबमधली ती बाई होऊ नये, असं तिला वाटत होतं, पण दुसरी भाषा तिच्याकडे नव्हती.

"आई, बाबांचं कळलं तेव्हा हातात आठवडाभरच होता. औषधाला काम करायला वेळच मिळाला नाही. रोज एक गोळी असते. वेळेवर सुरू केली तर माणसं नोकऱ्या करतात, म्हातारी होतात, तुमच्यासारखी सुनेला टोमणे मारतात."

सासूबाईंच्या ओठांचा कोपरा जरा हलला.

"आणि चिमी?" त्या म्हणाल्या.

चिमी म्हणजे नात, पाच वर्षांची. सुनेला पहिल्यांदा प्रश्न कळला नाही. मग एकदम कळला. गेल्या वर्षापासून सासूबाई चिमीला मांडीवर घेत नव्हत्या. स्वतःच्या हाताने भरवत नव्हत्या. त्यांचा कप आणि ताटली वेगळ्या फळीवर असायची, स्वतःच धुवायच्या. सुनेने ते मनाला लावून घेतलं होतं. मुलगी झाली म्हणून असेल, माझ्या हातचं स्वच्छ वाटत नसेल म्हणून असेल, असं काय काय ती मनात धरून बसली होती. दोनदा त्यावरून नवऱ्याशी भांडणही झालं होतं.

"म्हणून तुम्ही तिला दूर ठेवलंत?"

"मग काय करणार होते? विचारू कोणाला?"

"अहो आई, जेवणाने होत नाही. एका कपाने होत नाही. मिठीने, पाप्याने, खोकल्याने, कशानेही नाही." सुनेचा आवाज चिरकला. "मला विचारायचं होतंत. घरात, मी, रोज हेच करते!"

"तुला विचारलं असतं तर तुला कळलं असतं," सासूबाई म्हणाल्या.

नवरा उठला आणि चपला घालून बाहेर गेला.

*

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता दोघी मोठ्या सरकारी दवाखान्याच्या तपासणी केंद्रात गेल्या. सुनेने आपल्या लॅबमध्ये नको म्हटलं होतं. "माझे हात थरथरतील," असं तिने सांगितलं, आणि ते खरंच होतं. नवरा आदल्या दिवशी उशिरा परतला होता आणि सकाळी त्या कुठे जाणार एवढं ऐकून घेऊन, चहाही न घेता कामावर निघून गेला होता.

केंद्र म्हणजे व्हरांड्याच्या टोकाच्या दोन खोल्या. बाहेर लोखंडी बाक. बाकावर एक कॉलेजातली मुलगी पुस्तक उलटं धरून बसली होती. एक सुटाबुटातला माणूस होता, तो दर मिनिटाला घड्याळ बघायचा. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. सासूबाईंनी पिशवीतून एक बाही काढली आणि तिला हातशिलाई घालायला लागल्या. चार टाके घातले, चारही वाकडे गेले. उसवले, पुन्हा घातले.

आत समुपदेशक बाई होत्या, पन्नाशीच्या, केस अगदी बारीक कापलेले. सुनेला त्यांनी बाहेर थांबायला सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "असू दे तिला. आता काय लपवायचं राहिलंय?"

बाईंनी बरंच विचारलं आणि घाई न करता सगळं लिहून घेतलं. इथलं इथेच राहील, तुमच्या परवानगीशिवाय कोणाला सांगणार नाही, हे दोनदा सांगितलं. मग पेन खाली ठेवलं.

"निकाल 'नाही' असा आला तर काय कराल?"

"हिला घेऊन चहा प्यायला जाईन."

"आणि 'आहे' असा आला तर?"

सासूबाईंनी विचार केला. "तरी चहा प्यायलाच लागेल," त्या म्हणाल्या. बाई हसल्या. सही झाली. सुईचा टोचा झाला.

मग बाकावर वाट बघणं आलं. वीस मिनिटं म्हणजे किती, हे सुनेला रोजच्या कामामुळे नेमकं माहीत होतं. पहिल्या मिनिटात पट्टी ओली होत वर चढते. पाचव्याला पहिली रेघ दिसू लागते. दहाव्याला बहुतेक कळलेलं असतं, पण वीसपर्यंत थांबायचं असतं. वीस झाली. पंचवीस झाली. कोणी बोलावलं नाही. पस्तीस झाली तेव्हा सुनेला समजलं. पहिली तपासणी तशी आली की वेगळ्या प्रकारच्या आणखी दोन करून खात्री करतात, आणि त्यालाच वेळ लागतो. तिने चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. सासूबाई तिच्याकडे एकटक बघत होत्या.

"तुला कळलंय," त्या म्हणाल्या.

"नाही. अजून नाही."

"बरं," म्हणून त्यांनी सुनेचा हात हातात घेतला.

तेवढ्यात व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाकडून कोणीतरी भराभर येताना दिसलं. कंपनीचा निळा गणवेश, कमरेला पान्ह्यांची पिशवी, ती चालताना खणखणत होती. नवरा होता. सुटाबुटातला माणूस दचकून बाजूला सरकला. नवरा आईच्या पलीकडे बसला आणि गुडघ्यांवर हात ठेवून समोरच्या भिंतीकडे बघत राहिला.

"कामावरून आलास?" आईने विचारलं.

"दोन माणसं लिफ्टमध्ये अडकली होती. त्यांना काढून आलो."

मग आतून हाक आली.

समुपदेशक बाईंनी आडवळण घेतलं नाही. तिन्ही तपासण्या एकच सांगत होत्या.

"आहे," सासूबाई म्हणाल्या.

"आहे."

"किती दिवस आहेत?"

"तुम्ही वर्षांत विचारायला हवं," बाई म्हणाल्या. "आज रक्त देऊन जा, तुमची ताकद किती उरलीय ते बघू. छातीचा फोटो काढू, तिथे काही दडलेलं नाही ना याची खात्री करू. मग गोळ्या. रोज, एकही दिवस न चुकता. सुरुवातीला त्रास होईल. मळमळेल, डोकं गरगरेल, मला शिव्या द्याल. तरी घ्यायच्या."

"एवढंच?"

"एवढंच म्हणजे आयुष्यभर."

सासूबाईंनी मान हलवली. त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखे ते खाली आले. रडल्या नाहीत. नवराच बोलला, आणि त्याचा आवाज भलताच निघाला.

"माझीपण करा."

बायकोने चमकून त्याच्याकडे बघितलं.

"बाबा आजारी असताना मीच त्यांची दाढी करायचो," तो बाईंना म्हणाला. बायकोकडे त्याला बघवत नव्हतं. "एकच रेझर होता. त्यांची झाली की त्याच पात्याने माझी. कितीदा कापलं मला. काल ही बोलली तेव्हा आधी आईचा विचार आला नाही माझ्या मनात. ते पातं आलं. आणि मी हिच्यावर ओरडलो."

बाईंनी त्याला सांगितलं की अशाने लागण व्हायची शक्यता अगदी कमी असते. पण शक्यता कमी आहे एवढ्याने झोप लागत नाही, तेव्हा बसा, बोट पुढे करा, असंही त्या म्हणाल्या.

ती वीस मिनिटं सुनेला सगळ्यांत जड गेली. आईंच्या वेळी तिला निदान अंदाज होता. इथे जमीनच नव्हती पायाखाली. कामामुळे तिची स्वतःची तपासणी दर वर्षी व्हायची आणि मागचीही स्वच्छ होती. हे तिला पाठ होतं, तरी ती तारखा पुन्हा पुन्हा मोजत होती. चिमीचा चेहरा समोर यायचा आणि ती तो बाजूला सारायची. नवरा पान्ह्यांच्या पिशवीचा बंद सोडत होता, बांधत होता. कॉलेजातली मुलगी आत जाऊन बाहेर आली आणि जिना उतरताना दोन-दोन पायऱ्या गाळत गेली.

समुपदेशक बाई दारात आल्या. त्यांनी आत बोलावलंच नाही.

"नाही," त्या म्हणाल्या. "स्वच्छ आहे."

नवऱ्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो भर व्हरांड्यात हमसाहमशी रडला. सुनेला वाटलं सुटल्याचं रडू आहे. पण तो म्हणत होता, "एका रात्रीत माझी ही दशा झाली, आई. तू सहा वर्षं कशी काढलीस गं?"

*

सासूबाईंची ताकद फारच कमी उरली होती. रोगाशी लढणाऱ्या पेशी मोजल्या त्या शंभराच्या आसपास भरल्या. निरोगी माणसात पाचशेच्या वर असतात. छातीचा फोटो मात्र चांगला आला. तिथल्या डॉक्टरांनी कागद बघून भुवया उंचावल्या. "आणखी तीन-चार महिने थांबला असतात, तर आपली गाठ वरच्या मजल्यावर पडली असती, खाटेपाशी," असं म्हणाले.

पहिले पंधरा दिवस वाईट गेले. सासूबाईंना उभं राहिलं की फिरायचं, स्वप्नं भलभलती पडायची, एकदा तर 'नको मला तुमचं जगणं' म्हणून गोळी त्यांनी बशीत ठेवून दिली. सून बशीसमोर बसून राहिली. पंचेचाळीस मिनिटं दोघी बसल्या होत्या. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "तुला दुसरी कामं नाहीत का?" आणि गोळी घेतली.

तिसऱ्या आठवड्यात तोंड बरं झालं. दुसऱ्या महिन्यात त्यांनी वाढलेला भात संपवून पुन्हा ताटली पुढे केली, तेव्हा नवऱ्याने आणि बायकोने एकमेकांकडे बघितलंसुद्धा नाही, उगाच दृष्ट लागायला नको. वेगळ्या फळीवरचा कप सुनेने एक दिवस न विचारता बाकीच्या कपांत मिसळून टाकला. तो कोणता, हे मग कोणालाच ओळखता येईना. चिमीला भरवायला मात्र सासूबाईंनी वेळ घेतला. डोक्याला पटलेलं हाताला पटत नव्हतं. चौथ्या महिन्यात एका दुपारी चिमीच त्यांच्या मांडीवर झोपून गेली, आणि पाय बधिर झाले तरी त्या हलल्या नाहीत.

सहा महिन्यांनी रक्त पुन्हा तपासलं. विषाणू इतके खाली गेले होते की मशीनला दिसेनात. "म्हणजे गेले?" सासूबाईंनी विचारलं. "गेले नाहीत, झोपलेत," डॉक्टर म्हणाले. "गोळी थांबवलीत की उठतील."

त्या दिवशी घरी आल्यावर चहा घेता घेता त्या एकदम म्हणाल्या, "तुझ्या बाबांच्या साइटवर तो फोरमन होता. त्यांच्या आधी वर्षभर गेला."

"मग?" मुलगा म्हणाला.

"तोही छातीनेच गेला म्हणतात. त्याची बायको आहे. तिची एक मुलगी लग्नाची आहे."

मुलाचा चेहरा उतरला. "आई, तुला काय माहीत त्याला काय होतं ते? आणि तिला फोन करून काय सांगणार तू? स्वतःचं सांगणार? उद्या चार ठिकाणी बोभाटा होईल."

"होईल बहुतेक."

"मग?"

"मला त्या डॉक्टरने सांगितलं होतं, तरी मी गेले नाही. तिला तर कोणी सांगितलंही नसेल." त्यांनी सुनेकडे बघितलं. "तुझं काय म्हणणं?"

चिमीची शाळा, आजूबाजूचे लोक, गणवेश शिवायला टाकणाऱ्या बाया, एवढं सगळं सुनेच्या मनात येऊन गेलं. भीती तर वाटत होतीच.

"तुमचं आहे, आई. कोणाला सांगायचं ते तुम्हीच ठरवायचं," ती म्हणाली. "पण करणार असाल तर मी शेजारी बसते. काही विचारलं तर सांगता येईल."

मुलाने कप खाली ठेवला. मग उठला आणि त्याने आतून बाबांची जुनी फोन नंबरांची वही आणून आईपुढे ठेवली.

सासूबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला, नंबर लावला आणि फोन कानाला धरला. बराच वेळ तो वाजत राहिला. दुसऱ्या हाताने त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली होती.

"हॅलो? मी बोलतेय, क्रेनवाल्यांची बायको. हो, हो, किती वर्षांनी! नाही गं, कोणी गेलं नाही, घाबरू नकोस. मी चांगली आहे. चांगली आहे म्हणूनच फोन केलाय. तू जरा बसून घे."